फुकटची राखण

फोटो निघाला आणि वनखात्याचे साहेब म्हणाले, "जॅकेट काढून ठेवा. ती स्टाफची आहेत."

आम्ही बाया अजून स्टेजवरच होतो. समोर अख्खं गाव. लुगड्यावर चढवलेलं ते हिरवं जॅकेट मी सगळ्यांदेखत उतरवलं. थोड्या वेळापूर्वी हेच साहेब माइकवर सांगत होते, "या माता-भगिनी एक पैसा न घेता वाघासमोर उभ्या राहतात." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मूर्ख.

नागभीडकडचं आमचं गाव जंगलाला चिकटून आहे. उन्हाळ्यात बाया पहाटे मोहफुलं वेचायला जातात. वाकलेली बाई वाघाला जनावर वाटते. म्हणून आम्ही काही जणी काठी-शिटी घेऊन भोवती उभ्या राहायचो. वाघ गावाजवळ आला की गर्दीला मागं रेटायलाही साहेब आम्हालाच बोलवायचे. सेवा म्हणून.

मग सफारीच्या गेटवर पगारी गाइड घ्यायचं ठरलं; वाघ गावाजवळ आला की गर्दी आवरायचं कामही त्यांच्याकडेच. मी बारावी पास. साहेबांकडे गेले.

"मले घ्या, साहेब. हेच काम तर करून राह्यली मी."

ते हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"बाई, तुम्हाला पगार दिला तर उद्या बाकीच्या बायका फुकट कशाला येतील?"

अंगाची लाही लाही झाली. आमची एकमेकींवरची माया त्यांनी हिशेबात धरली होती. नोकऱ्या बाहेरच्यांना लागल्या.

पुढच्याच आठवड्यात सकाळी साहेबांचा फोन आला. नाल्यात वाघ बसलाय, लोक मोबाइल काढून पुढं सरकतायत. "तुमच्या बायका घेऊन लगेच पोचा."

"पगारवाल्यांले पाठवा, साहेब."

"त्यांना यायला वेळ लागेल. आणि तिथं तुमचेच लोक आहेत ना?"

हेच. याच एका वाक्यावर इतकी वर्षं आम्हाला राबवलं. मी फोन ठेवला. मोहाखालच्या बायांना तेवढं हाका मारून घरी आणलं. सगळ्या माझ्या अंगणात बसल्या. नाल्याकडून आरडाओरडा ऐकू येत होता. मग तो एकदम थांबला; तिथं काय झालं, कुणालाच कळेना.

शेजारणीनं माझं मनगट धरलं. "जाऊन राह्यली का वं?"

 उद्या गाव मला काय म्हणेल, ते ठाऊक होतं.

"नाई," मी म्हटलं.

आणि बसून राहिले. यापुढं वाघासमोर उभी राहीन ती नोकरीवर. नाहीतर उभी राहणार नाही.