घाम मरेपर्यंत

माझ्या वडिलांना उन्हाळा आवडायचा. हे सांगितलं की लखनौच्या शेजारणी हसायच्या, पण नागपूरच्या माणसाला त्यात हसण्यासारखं काही वाटणार नाही. मे महिन्यात पारा चढला की आमच्याकडची माणसं पोराचा पहिला नंबर आल्यासारखी ती बातमी एकमेकांना सांगतात. वडील लखनौला आमच्या विकास नगरच्या घरी राहायला आले तेव्हा रोज सकाळी पेपर उघडून आधी तापमानाचा कोपरा शोधायचे. नागपूर लखनौच्या वर असलं की त्यांना चहा गोड लागायचा. खाली असलं की म्हणायचे, "मोजायला चुकले असतील."

नव्वदच्या दशकातला तो उन्हाळा. आई आदल्या हिवाळ्यात गेली होती. मी एकुलती एक, नवरा इथल्या एका संशोधन संस्थेत, म्हणून मी नागपूरला जाऊन वडिलांना घेऊन आले. घराला कुलूप लावलं, किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली आणि गाडीत बसल्यावर सांगून टाकलं, "बाबा, आता इथंच राहायचं." ते हो म्हणाले नाहीत आणि नाही पण म्हणाले नाहीत. खिडकीबाहेर बघत बसले. मी त्याचा अर्थ हो असा घेतला, कारण मला तोच हवा होता.

पण त्यांच्या पायाला भिंगरी होती. व्हरांड्यातून फाटकापर्यंत, फाटकातून परत व्हरांड्यात. दुपारी सगळी कॉलनी दारं लावून पडलेली असताना हे डोक्याला दुपट्टा बांधून, खिशात कांदा टाकून नाक्यापर्यंत जाऊन यायचे. काय आणलंत विचारलं तर काही नाही. आणि संध्याकाळ झाली की एकच विषय.

"घरी कूलर लावायचा राह्यला."

नागपूरच्या घरचा कूलर ही त्यांची खास जबाबदारी. दर वर्षी तो माळ्यावरून उतरवायचा, पंप साफ करायचा, वाळ्याच्या नव्या ताट्या बसवायच्या आणि रोज दिवे लागायच्या वेळी बादल्यांनी पाणी भरायचं. आईला कूलरशिवाय झोप येत नसे. कूलरला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. आमच्या लखनौच्या घरी याच्या उलट कारभार होता. ज्याला आठवेल त्याने पाणी भरायचं, आणि आठवायचं कोणालाच नाही. पंप कोरडा पडून किंचाळायला लागला की माझा नवरा म्हणायचा, "अगं, पाणी?" आणि मी म्हणायचे, "हो ना, पाणी."

जून अर्धा होईपर्यंत लू वाहत होती तोवर वडिलांचं बरं चाललं होतं. कोरडी झळ ही त्यांच्या ओळखीची. मग हवा फिरली आणि पुरवाई सुरू झाली. पूर्वेकडून येणारा हा वारा पाऊस आणत नाही, नुसता दमटपणा आणतो. कूलर गार हवेऐवजी वाफ फेकायला लागतो, चादर पाठीला चिकटते, माणसं एकमेकांवर उगाच खेकसतात. मला तर खेकसायला वारा लागतोच असं नाही. वडिलांचा मात्र अभिमानच गळून पडला. पेपरात लखनौचं तापमान उतरलेलं आणि अंगाची लाही पहिल्यापेक्षा जास्त, हा हिशेब त्यांना लागेना.

"हा काही उन्हाळा नाही, बाप्पा," ते म्हणाले. "हे काय भलतंच होऊन राह्यलं?"

आणि मला न विचारता जावयाकडून परतीचं तिकीट काढून घेतलं.

मी नवऱ्याशी भांडले, पण तिकीट कॅलेंडरला टाचलेलं होतं ते होतंच. मला त्या कुलुपबंद घराची भीती वाटत होती. तिथं ते रडतील याची नव्हे. तिथं ते कोणाशी काही बोलणार नाहीत, दिवसचे दिवस, आणि मला पत्रात "सर्व ठीक" लिहीत राहतील, याची. त्यांना थांबवायचं कसं हे काही मला सुचत नव्हतं.

माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती आणि तिला वेगळंच सुचलं होतं. गोमती नगरच्या पलीकडे, रस्ते अजून कच्चे होते त्या बाजूला, पाण्याच्या घसरगुंड्यांचा एक पार्क नवा उघडला होता. तिच्या वर्गातले सगळे जाऊन आले होते म्हणे. सुट्टीभर तिने माझ्या नाकी नऊ आणले होते. गाडीच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, चला. मनात एक वेडी आशा होती की एक दिवस आजोबा हसले, नातीबरोबर रमले, तर तिकीट आपोआप कॅलेंडरवरून उतरेल.

सकाळी लवकर निघायचं ठरलं होतं. वडील म्हणाले, "दुपारी जाऊ. दुपारी गर्दी नसते." गर्दी का नसते हे नागपूरचा माणूस विचारत नाही. त्यामुळे बरोबर डोक्यावर ऊन आल्यावर आम्ही प्रवासी टेम्पोत कोंबले गेलो आणि धूळ खात तिथं पोचलो. फाटकावर पिशवी तपासली. माझ्या पिशवीत स्टीलच्या डबीत गुळाचे खडे होते, ते विरघळून त्यांचा एकच गोळा झाला होता. वडिलांच्या खिशातून कांदा निघाला.

"बाबूजी, ये प्याज़?" फाटकावरच्या माणसाने विचारलं.

"लू के लिए," वडील ताठ मानेने म्हणाले.

त्याने कांदा परत खिशात घालू दिला. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही, त्याच्या घरीही तेच चालत असणार. मलाच मेलं कानकोंडं झालं.

आत गेलो. भोंग्यावर सिनेमाची गाणी, निळ्या-पिवळ्या घसरगुंड्या, क्लोरीनचा वास, आणि तापलेल्या फरशीवरून टुणटुण उड्या मारत पळणारी माणसं. मुलीने चपला भिरकावल्या आणि पाण्याकडे धूम ठोकली. वडिलांनी तिला दंडाला धरून थांबवलं.

"आधी घाम मरू दे."

हे वाक्य आईचं. आमच्या घरी उन्हातून आलेल्या माणसाला उंबऱ्यातच ते ऐकावं लागायचं. लगेच पाणी प्यायचं नाही, लगेच तोंडावर पाणी मारायचं नाही. पंख्याखाली बसायचं, अंगातला घाम पुरता वाळू द्यायचा, मग गुळाचा खडा, मग माठातलं पाणी. वडील कचेरीतून सायकल हाणत यायचे तेव्हा तहानेने जीव गेला तरी आई तांब्या हातात धरून उभी राहायची, देत नसे. आणि ते मुकाट बसायचे. बाहेर कोणाचं न ऐकणारा माणूस.

तर आम्ही पत्र्याच्या शेडखाली एका बाकावर बसलो. घाम मरायची वाट बघत.

नागपुरात घाम मरतो. कोरड्या हवेत तो कधी आला नि कधी गेला कळतसुद्धा नाही. इथं पुरवाईत एक थेंब पुसावा तर त्याच्या जागी दुसरा हजर. वडिलांनी दुपट्टा ओला करून डोक्यावर घेतला, हा त्यांचा हुकमी उपाय. दुपट्टा गार व्हायच्या ऐवजी कोमट पोतेऱ्यासारखा डोक्यावर बसून राहिला. माझा कुर्ता पाठीला चिकटलेला, मुलगी बाकावर या टोकाहून त्या टोकाला सरकत होती. समोर पाण्यात अख्खं शहर डुंबत होतं आणि आम्ही तिघं शिक्षा झाल्यासारखे बसलो होतो.

"आजोबा, मरा?" मुलीने त्यांच्या कपाळाला बोट लावून विचारलं. तिला मराठी सगळं कळायचं, तोंडातून मात्र हिंदीच यायचं.

"नाही अजून."

"अब?"

"थांब ना गं."

मी घुसमटले होते. "बाबा, जाऊ द्या ना तिला. इथं कोणी थांबत नाही."

"आजारी पडेल."

"नाही पडत. सगळी पोरं जातात."

"तुझी आई असती तर जाऊ दिलं असतं का?"

ते उठले, शेडच्या खांबापर्यंत गेले, परत आले. पुन्हा गेले. तिथंही भिंगरी. मग बसता बसता, जणू मघापासून तेच चाललं होतं अशा सुरात म्हणाले, "घरी पोचलो की आधी कूलर उतरवतो. ताट्या तर सडल्या असतील."

माझा ताबा सुटला. इतक्या दिवसांचा उकाडा एकदम तोंडातून बाहेर पडला.

"कोणासाठी, बाबा? कोणासाठी भरायचाय कूलर? कोण झोपणार आहे तिथं?"

मी इतक्या जोरात बोलले की पलीकडच्या बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या. मुलगी सरकायची थांबली. मला वाटलं, झालं, आता हे उठून चालायला लागतील, थेट स्टेशनपर्यंत.

ते उठले नाहीत. खिशातला कांदा काढून हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "सवय आहे, बेटा. संध्याकाळ झाली की हात बादली शोधतात. इथं मी काय शोधू?"

आई गेल्यापासून मी त्यांना काय हवं ते विचारत होते. खायला काय हवं, पेपर कोणता हवा, खोलीत कोणती खाट हवी. त्यांच्या हातांना काय हवं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला रडू यायला लागलं. घामात ते कोणाला दिसलं नाही, पुरवाईचा तेवढाच फायदा.

मुलीच्या मानेवर घामोळ्यांचं लाल जाळं उठलं होतं. वडिलांनी दुपट्ट्याने तिची मान पुसायला घेतली. पुसली, तर मान पुन्हा ओली. पुन्हा पुसली. मग त्यांनी दुपट्टा डोळ्यांसमोर धरला, पिळला, त्यातून मघाच्या पाण्याबरोबर घाम निघाला तो फरशीवर पडताना बघितला.

"इथं नाही मरत हा," ते म्हणाले.

आणि उभे राहिले. कांदा माझ्या मांडीवर ठेवला, कपड्यांच्या खिडकीवर जाऊन भाड्याची निळी अर्धी चड्डी मागून आणली आणि कपडे बदलून आले. वडिलांचे पाय मी त्यापूर्वी कधी गुडघ्याच्या वर बघितले नव्हते. ते इतके गोरे होते की मी तशा अवस्थेतही हसले. मुलगी किंचाळून त्यांच्या हाताला लोंबकळली आणि दोघं तापल्या फरशीवरून उड्या मारत पाण्याकडे गेले. उड्या मारताना सगळी माणसं सारखीच दिसतात.

मोठ्या घसरगुंडीवर ते गेले नाहीत. लहान मुलांच्या तळ्यात छातीपर्यंत बसून राहिले आणि नात त्यांच्या डोक्यावर ओंजळीने पाणी ओतत राहिली. मी बाकावर तशीच. खाली उतरून पाण्यात जावं असं वाटत होतं आणि उठवतही नव्हतं. मघाशी बोलले ते परत घेता येत नव्हतं, आणि खरं तर घ्यायचंही नव्हतं.

थोड्या वेळाने ते निथळत शेडपर्यंत आले. केस कपाळाला चिकटलेले, डोळे क्लोरीनने लाल. किंवा क्लोरीनने नसतीलही.

"काय वं, घाम मरायची वाट बघून राहिली का?" ते म्हणाले. "नाही मरत तो इथं. असंच यायचं आता."

मी कुर्त्या-सलवारीसकट गेले. पाणी वरून कोमट होतं, पण पायाशी गार होतं. आम्ही तिघांनी त्या उथळ तळ्यात बसून गुळाचा तो चिकट गोळा बोटांनी तोडून खाल्ला. भोंग्यावर काय गाणं लागलं होतं ते आठवत नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. मुलगी टेम्पोतच झोपली होती, तिला तशीच आडवी केली. नवरा कामावरून आला आणि विचारायला लागला की उद्या सकाळी स्टेशनला किती वाजता निघायचं, रिक्षा आजच सांगून ठेवू का. मी वडिलांच्या खोलीत डोकावले. खोली रिकामी. व्हरांड्यात नाही, फाटकाशी नाही.

मग मागच्या अंगणातून पाण्याचा आवाज आला.

वडील नळाखाली बादली लावून उभे होते. खिडकीतल्या आमच्या कूलरचं मागचं झाकण त्यांनी काढलं होतं आणि ताटीत बोट घालून ते बघत होते. ताटी आमच्या कारभाराला शोभेल अशीच होती, काळी पडलेली, अर्धी गळून गेलेली.

"बाबा, पुरवाईत कूलरचा उपयोग नसतो," मी म्हटलं.

"माहीत आहे. हवा फिरेल ना कधी तरी." त्यांनी बादली उचलून टाकीत रिकामी केली. "इथं वाळा कुठं मिळतो?"

"खस म्हणायचं इथं. चौकात विचारावं लागेल."

"विचारू."

मी विचारलंच, "आणि ते तिकीट?"

"जावयाला सांग, परत करून ये म्हणावं." त्यांनी रिकामी बादली माझ्याकडे दिली. "तुमच्याकडे कूलर कोणी भरूनच नाही राह्यलं."

मी बादली नळाखाली लावली आणि नळ मोठा सोडला.