वाड्यातल्या बायका

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधातलं सगळ्यात वाखाणलं गेलेलं तिसरं प्रकरण माझ्या डोक्यातून आलेलं नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा.

प्रबंध आयर्लंडमधल्या एका कवयित्रीवर होता. इंग्रज वंशाच्या जमीनदाराची मुलगी. वाडा, घोडे, नोकरचाकर सोडून ती इंग्लंडातल्या गिरणगावात गेली आणि कामगार बायकांसाठी झिजली. नव्वदच्या दशकात कोल्हापुरात तिला वाचलेला मी एकटाच, असा माझा तोरा होता. एम.ए.च्या वर्गाला तिच्या कविता मी मोठ्या हौसेनं शिकवायचो.

त्या वर्गातली पेठ वडगावची एक मुलगी, बौद्ध घरातली, पुढं एम.फिल.साठी माझ्याकडं आली; माझी पीएच.डी. व्हायची होती, पण एम.फिल.चं मार्गदर्शन तेव्हा अनुभवावर करता यायचं.

"सर, मला ही वाड्यातली बाई घ्यायची हाय."

"का गं?"

"तिनं वाडा सोडला म्हणून समदी कौतुक करत्यात. पण वाड्यात तिचं धुणं धुणाऱ्या बायका कवितेत कुठं हायत? गिरणीतल्या दिसल्या, घरातल्या न्हाईत. असं का, ते बघायचंय."

इतकी वर्षं वाचून मला हे सुचलं नव्हतं. मी म्हणालो, "तू दलित आत्मकथनं घे. तुझा अनुभव आहे, काम जिवंत होईल."

"घरातलं मला म्हाईत हाय की, सर! म्हाईत न्हाय ते वाचायला आलोय न्हवं मी?"

शेजारच्या टेबलावरचे सहकारी खो खो हसले. "जमीनदारीण सरांना, आत्मकथनं तुला. झाली की वाटणी!"

मीही हसलो. ती नाही हसली. त्या घरांतून आलेल्या प्रत्येकाला आम्ही हाच विषय द्यायचो, आणि वर त्याला आपुलकी म्हणायचो. मार्गदर्शक म्हणेल तो विषय. तिनं मुकाट घेतला, नीट पुरा केला आणि हातकणंगल्याकडं नोकरीला लागली.

तिचा प्रश्न मात्र मी ठेवून घेतला. काही वर्षांनी त्याचंच तिसरं प्रकरण झालं.

तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसावं. ती आली होती, मागच्या बाकावर. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "नोकर बायकांचा हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. कसा सुचला?"

"वाचता वाचता," मी म्हणालो. तिच्याकडं बघितलं नाही.

मग त्यांनी श्रोत्यांना विचारलं, कुणाला काही शंका? ती उठली नाही.

नंतर पेढे वाटताना समोर आली. पेढा घेतला, म्हणाली, "अभिनंदन, सर. वाड्यातल्या बायका घावल्या म्हणायच्या."

"हो," म्हणालो, आणि पुढच्या माणसासमोर बॉक्स धरला.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात ग्रंथपाल आहेत, टंकलेखक आहे, बायको आहे. ती नाही. तो प्रश्न तिचा होता, हे तिच्या तोंडावर आणि चारचौघांत सांगायचं मी अजून देणं लागतो.