पहिली रेघ

नाटकांचे पडदे शिवणाऱ्या आमच्या कारखान्यात बाई तीस वर्षं मुख्य होत्या. उंच खिडक्यांतून ऊन यायचं, त्यात मखमलीची लव तरंगत राहायची, आणि लांबलचक टेबलाभोवती बाई अशा फिरायच्या की पाऊल वाजायचं नाही. दुपारी मला वाटे, आपण सगळ्या पाण्याखाली बसून शिवतोय.

कापड कापायला आम्ही दोघी. माझ्या जोडीदारणीला सगळे वादळ म्हणत. तागा उलगडायच्या आत तिची कात्री सुरू. मी मोजपट्टी. चारदा मोजायचं, पाचव्यांदा शंका काढायची. बाई वादळाला एवढंच सांगत, "चारपर्यंत झालर हवी. कशी करायची ते तुझं तू बघ." आणि खुशाल निघून जात. माझ्याजवळ मात्र स्टूल ओढून बसत. "काय काय चुकू शकतं, सांग." मी कीस पाडत बसे, त्या ऐकत. शेवटी खडूने एक रेघ मारून म्हणत, "इथून."

मला याचा भयंकर राग यायचा. तिच्यावर विश्वास आणि माझ्यावर पहारा! एकदा तोंडावर बोलले, "मलाही सोडा की एकटीला." बाई "बरं" म्हणाल्या आणि स्टूल उचलून वादळाजवळ जाऊन बसल्या. अर्ध्या तासात वादळ कळवळली, "बाई, तुम्ही जा हो, माझा हात आखडतो!" आणि मी? संध्याकाळपर्यंत निळ्या कापडासमोर उभी. कात्री उघडलीच नाही. दुसऱ्या दिवशी स्टूल परत माझ्याजवळ आलं. मी पुन्हा कीस पाडायला लागले.

निवृत्तीआधीचा बाईंचा शेवटचा पडदा गडद लाल होता. त्या रंगाचं कापड पुन्हा मिळणार नव्हतं. चुकलं तर नवं नाट्यगृह पडद्याविना उघडणार. तरी सगळ्यांनी हट्ट धरला, पहिली कात्री बाईंनीच लावायची.

टेबलभर लाल पसरलं होतं, स्वप्नातल्यासारखं, काठच दिसेना. बाई कात्री धरून उभ्याच राहिल्या. वादळ म्हणाली, "लावा हो बाई, काय होतंय!" हात हलेना. आमच्यासाठी त्यांनी हजार रेघा मारल्या होत्या. त्यांना स्वतः कापताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

मी स्टूल ओढलं. त्यांना बसवलं, शेजारी वाकले. "काय काय चुकू शकतं, सांगा."

हळू आवाजात त्या सांगू लागल्या. लव उलटी लागेल. कड तिरकी असेल. हात थरथरेल. मी ऐकत राहिले. इतकी वर्षं ज्याला मी पहारा म्हणत होते ते काय होतं, ते मला कळत गेलं, आणि मला माझीच लाज वाटली. त्यांचं सांगून संपलं तेव्हा मी खडूने रेघ मारली.

"इथून."

बाई उठल्या. कात्री मखमलीत शिरली.

"जाऊ नकोस हं," मान वर न करता त्या म्हणाल्या. "टोकापर्यंत थांब."