बाजेतला झोळ

निंबोल्यात कोणाच्याही घरातलं काही बिघडलं की लोक देवाच्या आधी माझ्या काकाचं नाव घेतात. मला याचा राग येतो, हे आधीच सांगून टाकतो. सुपडूकाका पासष्टीला टेकलाय. पहाटेपासून केळीच्या बागेत राबतो, दुपारी घरी येऊन हातपाय धुतो न धुतो तोच कोणीतरी दारात उभं. कोणाची मोटार अडकलेली, कोणाचं दार लागत नाही. नाही म्हणायचं या माणसाला कोणी शिकवलंच नाही. पान्हे-पक्कड टाकलेली गोणी खांद्याला मारली की निघाला. मथुराकाकू ताटावर ताट झाकून बसलेली असते.

सगळ्यात जास्त तो राबला दगाकाकाच्या घरी. दगाकाका त्याचा लहानपणापासूनचा मित्र, चार घरं सोडून राहतो. त्या घरातले पत्रे, मोरी, ओटा, सगळं सुपडूकाकाच्या हातचं. बदल्यात एकच रीत होती. अमावास्येला बागेत कामाला जायचं नसतं, त्या दिवशी दगाकाका स्कूटर काढायचा आणि दोघं बऱ्हाणपूरला जायचे. तिथल्या शनवारा चौकात मावा जिलेबी खायची, तापीकाठी बसायचं, संध्याकाळी परत. काकाच्या आयुष्यातली चैन म्हणाल तर एवढीच.

मागच्या वर्षी दगाकाकाची बायको, शारदाकाकू, गेली. अर्धांगाने दोन वर्षं सुतळीच्या बाजेवर पडून होती. ती बाजेवर आणि दगाकाका खाली चटईवर, तिने हाक मारली तर ऐकू यावी म्हणून. तेराव्याला लोक म्हणाले, बाज देऊन टाक. तो नुसता हं म्हणाला. बाज तिथेच राहिली आणि हाही खाली चटईवरच झोपत राहिला.

सुपडूकाकाला दिसलं ते एवढंच, की बाजेला मधोमध झोळ पडलाय आणि मित्र जमिनीवर झोपून कंबर धरून उठतो. त्याने सरळ हिशेब केला: बाज ढिली आहे म्हणून हा खाली झोपतो.

श्रावणात दगाकाका दोन दिवस जैनाबादला मुलीकडे, प्रतिभाकडे गेला. म्हशीला चारापाणी करायला किल्ली काकाकडे होती. काकाने दोन्ही संध्याकाळी ती बाज दुरुस्तीला घेतली. तुटलेली सुतळी बदलली, पायथ्याची दोरी पाय लावून ओढली. बोटांची सालटं निघाली. मी म्हटलं, "काका, राहू द्या ना आता. हात कापून राहिले तुमचे." तर म्हणाला, "त्याची कंबर दुखते रे भो."

दगाकाका परत आला तेव्हा आम्ही दोघं तिथेच होतो. त्याने बाजेकडे पाहिलं. मधोमध तळवा ठेवून दाबला. दोरी जरासुद्धा खाली गेली नाही.

"कायले हात लावला तू?" तो हळूच म्हणाला. "शारदा होती रे इथं. तिची जागा होती."

दगाकाकाने किल्ली मागून घेतली.

त्यानंतर बोलणं बंद. अमावास्या आली. काका धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसला. दहा वाजले, बारा वाजले, स्कूटर काही आली नाही. मथुराकाकू म्हणाली, "तुमीच जा ना त्यांच्याकडे." काका उठला, सदरा काढून खुंटीला टांगला आणि सुटीच्या दिवशी बागेत निघून गेला. पंचावन्न वर्षांची मैत्री सुतळीच्या एका बाजेपायी जाते की काय, या भीतीने त्याचं जेवण तुटलं होतं. मला वाईट वाटलं आणि रागही आला, दोघांचाही.

चार दिवसांनी बागेतून काका परस्पर दगाकाकाच्या घरी गेला. मी मागोमाग गेलो. केळीच्या चिकाने हात काळे, तोंडावर ऊन चढलेलं. दारातूनच म्हणाला, "दगा, मी दोरी ढिली करून देतो."

"ढिली करून झोळ येते का?" दगाकाका म्हणाला. "माणूस झोपलं म्हणजे येते." मग त्याने बाजेकडे बोट केलं. "झोप तिच्यावर. रोज दुपारी येऊन झोपायचं. झोळ पडेपर्यंत सुटी नाही तुले."

काकाने पाय झाडले आणि मुकाट्याने, शाळेत शिक्षा झाल्यासारखा, आडवा झाला. दुपारी पाठ टेकलेलं मी त्याला जन्मात पाहिलं नव्हतं. दोन मिनिटांत तो घोरायला लागला. तोंड उघडं, बरगड्या वर-खाली, काळे हात छातीवर. इतका म्हातारा तो मला कधी दिसला नव्हता.

दगाकाका चटईवर बसून बघत होता. मी म्हटलं, "उठवू का? काकू वाट पाहत असेल."

"झोपू दे," तो म्हणाला. मग डोळे पुसत म्हणाला, "शारदा मले दरवेळी म्हने, सुपडूभाऊ थकून आले, आधी घडीभर पडू द्या, मंग काम सांगा. मी येक डाव बी पडू दिलं नाही त्याले."