लोटनभाऊंचा अंगठा

सावद्याचे केळीचे व्यापारी लोटनभाऊ घड डोळ्यांनी पाहतच नसत, अंगठ्यानं पाहत. दाबला, मान हलवली, झाला भाव. पुढे त्या अंगठ्याला चटकच लागली. खरबूज दाब, भाकर दाब. नव्या जावयाचा दंडसुद्धा दाबून पाहिला.

पहिल्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, तेव्हा 'नीट बसलं का' म्हणून भाऊंनी पट्टीवरून डोळाही दाबून पाहिला. डोळा गेला. गावभर मात्र सांगत फिरले, डॉक्टरच कच्चा होता.

उरला एकच डोळा, तोही धुकटला. ऑपरेशनला निघायच्या दिवशी भाऊंनी ओट्यावर एक घड टांगला, आल्यावर पिकेल म्हणून. बायकोनं, पुष्पाबाईनं, त्यांना भुसावळच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, "आजी, बुबुळाच्या आतून कांद्याहून नाजूक पापुद्रा असतो. घासला तर पुन्हा येत नाही. म्हणून आम्ही आत जेली भरतो. हत्यार चाललं तरी पापुद्र्याला लागत नाही."

"वॅगनीत घडाखाली पाला घालतेत, तसं," पुष्पाबाई म्हणाली.

"तसंच. पण घरी जाऊन यांनी डोळा दाबला, तर माझी जेली काय करणार?"

ऑपरेशन चांगलं झालं. घरी येताच पुष्पाबाईनं केळीची वाळकी पानं घेतली अन् नवऱ्याचे दोन्ही अंगठे सुतळीनं गुंडाळले.

"अवं, मी काय घड हाये का?"

"घड बरा. तो सोताले दाबत नही."

दुपारी डुलकी लागली की भाऊंचा हात आपसूक वर जाई. पान खरखरे, अन् चुलीपासून आवाज येई, "हात खाली."

मग समाचाराला व्यापारी येऊ लागले. तोतारामनाना बसतात न बसतात तोच म्हणाले, "पाहू दे लोटन, कसा जमला," अन् अंगठा पुढे. त्यांचाही धंदा तोच ना. दुसऱ्या दिवसापासून पुष्पाबाई पानांची जुडी घेऊन दारातच बसली.

"नाना, चहा मंग. आधी अंगठा."

भल्याभल्यांना भावात झुलवणारी माणसं अंगठे बांधून ओळीनं बसली. बशी काही धरवेना. अर्धा चहा पोटात, अर्धा धोतरावर.

पट्टी सुटली. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं, बुबुळ आरशासारखं लख्ख. "आणि हे अंगठ्याला काय?"

"तुम्ही आतून राखलं, म्या बाहीरून."

घरी आल्यावर भाऊ ओट्यावर थबकले. घड पिकून पिवळाधम्मक झाला होता, पण फणीफणीवर काळे डाग.

"कोन्या गाढवानं दाबले हे?"

पुष्पाबाईनं त्यांच्या उजव्या अंगठ्याची सुतळी सोडली, पान काढलं अन् अंगठा धरून एका डागावर ठेवला. बरोब्बर बसला.

भाऊंनी डागाकडे पाहिलं, अंगठ्याकडे पाहिलं. मग अंगठा पुन्हा तिच्यापुढे केला. "बांध."