खर्रा होईपर्यंत

माझ्या शेजारच्या टेबलावरचा बाबू अकरा वाजता अहेरीच्या कचेरीत येतो आणि आधी प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटायला घेतो. तंबाखू, सुपारी, चुना एकजीव होईपर्यंत कोणाच्याही कागदाला हात लागत नाही. समोर रांग असली तरी मान खालीच. "थांबा ना भाऊ, होऊन राह्यलं." शेवटी वैतागून मी साहेबांच्या नावानं त्याची तक्रार लिहिली आणि खिशात ठेवली.

त्याच दिवशी एक बाई पोराच्या दाखल्यासाठी आली.

"कुठून आली बाई?" मान खालीच.

"भामरागडवरून. नदी चढून राह्यली, भाऊ."

त्याचा अंगठा थांबला. "मंग आधी काऊन नाई सांगितलं? पूल बुडला त इथीच अडकशीन ना!"

अर्धवट खर्रा टाकून तो उठला. जेवत्या साहेबांची सही आणली, शिक्का मारला आणि तिला बसमध्ये बसवूनच परतला.

घाईत पन्नी फाटून खर्रा टेबलावर सांडला होता. तो गोळा करत म्हणाला, "बांधाले कागद हाय का?"

खिशातला कागद मी कोरी बाजू वर करून दिला. फार हलकं वाटलं. त्यानं तो उलटला आणि सावकाश वाचला.

"लिहिलं त बरोबरच हाय," म्हणाला आणि त्यातच खर्रा बांधला.