टाचेने आलेला कोबी

अत्यंत गंभीर निवेदन: रग्बी लीग या धिप्पाड माणसांच्या खेळात मीही एकदा चेंडू उचलला आहे. तो कोबी होता, ही बाब गौण.

गार्चिंगच्या यू-बान या जर्मन मेट्रोच्या स्टेशनवर रोज भेटणारा एक इंग्रज पूर्वी पगारी खेळाडू होता. त्याचे कान दाबलेल्या मोदकांसारखे होते आणि गुडघे बसताना वाजायचे. जुना संघ एका हंगामासाठी परत बोलावत होता, पण जर्मन बायको सोडत नव्हती.

एकदा ती दोघं बाजारातून माझ्यापुढे चालली होती. बर्फावरून तो आडवा झाला. त्या खेळात पडलेला गडी उठून चेंडू टाचेने मागे सरकवतो. त्यानेही झटक्यात उठून काखेतला कोबी खाली ठेवला, टाचेने माझ्याकडे सरकवला आणि पाससाठी हात पसरून माझ्या मागच्या बाजूला धावला.

बायको हसत खांबाला टेकली आणि बोलून गेली, “जा रे बाबा, खेळून ये. इथे राहिलास तर एक भाजी धड घरी यायची नाही.”